मालगाडी उभी आणि गाव पलीकडे: हॅमंडचं फाटक, आणि दंड कुणी करायचा?

लेककाउंटीकर (धागाकर्ता)

इंडियाना राज्यातलं हॅमंड शिकागोला इतकं चिकटून आहे की राज्याची हद्द कधी ओलांडली ते कळत नाही. कारखान्यांचं जुनं शहर आणि चहूकडे रूळ. अमेरिकेतल्या सहाही मोठ्या मालवाहू रेल्वे कंपन्या शिकागोपर्यंत येतात. देशाच्या रेल्वेमालापैकी साधारण चौथा हिस्सा या परिसरातून जातो आणि पूर्वेकडे जाणारा बराचसा माल आमच्या दारावरून. मी याच काउंटीत राहतो. इथल्या मराठी मंडळींच्या गप्पांत घरांचे भाव, शाळा आणि बर्फ हे तीन विषय ठरलेले, चौथा फाटकाचा.

धावती गाडी जाईपर्यंत पाच-सात मिनिटं थांबायला कुणाचीच ना नाही. मी म्हणतोय ती उभी मालगाडी. इंजिन दोन मैल पुढे, शेपूट मागच्या वस्तीत आणि मधल्या चार-पाच रस्त्यांवर डबेच डबे. कधी वीस मिनिटं, कधी दोन तास. कधी हलणार हे फाटकावर कुणालाच ठाऊक नसतं, कारण अमेरिकेत फाटकावर माणूसच नसतो. दोन दांडे, लाल दिवे, घंटा. विचारायचं कुणाला?

एप्रिल २०२३ मध्ये प्रोपब्लिका आणि इन्व्हेस्टिगेट टीव्ही यांनी हॅमंडवर वृत्तांत केला, तेव्हा देशाला हे पहिल्यांदा नीट दिसलं. नॉरफोक सदर्न या रेल्वे कंपनीची मालगाडी रस्त्यावर उभी, आणि शाळेत निघालेली मुलं पाठीवर दप्तर घेऊन डब्यांच्या खालून रांगत किंवा दोन डब्यांमधल्या जोडावर चढून पलीकडे जाताहेत. काही आईबाप स्वतः मुलांना हात देऊन चढवत होते. फोटो पाहून वॉशिंग्टनपर्यंत खळबळ उडाली. त्याच वर्षी हॅमंडला उड्डाणपुलासाठी सुमारे ७० लाख डॉलरचं केंद्रीय अनुदानही जाहीर झालं.

पूल चांगलाच. पण पूल एका जागी होतो आणि गाडी पाच रस्ते अडवते. शाळकरी पोरगं पुलासाठी मैलभर वळसा घालणार आहे का?

माझा प्रश्न साधा आहे. मोटार चुकीच्या जागी लावली तर मला दंडाचं तिकीट मिळतं. रेल्वे कंपनीने पाच रस्ते दोन तास अडवले तर तिला का मिळत नाही? इथल्या पोलिसांना विचारलं तर ते खांदे उडवतात. जाणकारांनी सांगावं.

---

स्पष्टवक्ता

रूळ आधी आले की घरं? रुळांलगतची घरं स्वस्त मिळतात म्हणून लोक घेतात आणि मग गाडी थांबते म्हणून ओरडतात. विमानतळाशेजारी घर घेऊन आवाजाची तक्रार करणाऱ्यांतलाच प्रकार. आणि उभ्या गाडीखालून मुलांना पाठवणं हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे, त्याचं खापर रेल्वेवर का?

---

लेककाउंटीकर

@स्पष्टवक्ता, रूळ आधी आले हे तर खरंच, हॅमंड शहरच रेल्वेने वसवलंय. जॉर्ज हॅमंड नावाच्या मांस व्यापाऱ्याने १८६९ मध्ये इथे कत्तलखाना काढला. बर्फाने थंड ठेवलेल्या डब्यांतून मांस पूर्वेकडच्या शहरांत पाठवायचं, हा त्याचा धंदा. मिशिगन सरोवराकडचा बर्फ आणि रूळ, दोन्ही हाताशी. कामगार रुळांजवळ राहायला आले कारण कामच तिथे होतं. त्यांची नातवंडं अजून तिथेच आहेत.

पण तेव्हा दोन-तीन मैलांच्या गाड्या नव्हत्या. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाचा २०१९ चा अहवाल आहे. ज्या दोन मोठ्या कंपन्यांनी आकडे दिले, त्यांच्या गाड्यांची सरासरी लांबी २००८ पासून २५ टक्क्यांनी वाढून २०१७ मध्ये १.२ आणि १.४ मैल झाली होती. ही सरासरी झाली. काही गाड्या तीन मैलांच्या. रूळ तिथेच राहिले, गाडी बदलली.

---

भुसावळ_गार्ड

नमस्कार. मध्य रेल्वेत भुसावळ विभागात मालगाडीवर गार्ड होतो. २०२२ पासून या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, आम्ही त्याआधीच सुटलो. सध्या मुलीकडे न्यू जर्सीत मुक्काम आहे आणि इथल्या गाड्या बघणं हाच उद्योग.

पहिली गोष्ट, मालगाडी हौसेने कुणी उभी करत नाही. पुढच्या यार्डात जागा नसते. समोरून गाडी येणार असते. दुसऱ्या कंपनीचे रूळ ओलांडायचे असतात आणि त्यांच्या नियंत्रकाने सिग्नल दिलेला नसतो. कुठेतरी हवेचा पाइप सुटतो, ब्रेक आपोआप लागतात आणि गाडी जिथल्या तिथे बसते. किंवा चालकाचे तास भरतात. इथल्या कायद्यात बारा तास म्हणजे बारा तास, त्यापुढे त्याला गाडी हलवता येत नाही. दुसरी जोडी मोटारीने येईपर्यंत गाडी जिथे असेल तिथे.

खरी गोम लूपमध्ये आहे, म्हणजे गाडी बाजूला घेऊन थांबवायच्या जोडरुळात. आपल्याकडे लूप लाइनची उभं राहण्याची जागा प्रमाणाने ६८६ मीटर धरलेली, आणि ५९ बॉक्सेन (उघड्या) वाघिणींचा कोळशाचा रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, त्यात बसतो. गाडी लूपमध्ये घेतली की मुख्य मार्ग मोकळा आणि शक्यतो रस्ताही मोकळा. अमेरिकेत लूप जुन्या मापाचे राहिले आणि गाड्या लांबत गेल्या. मग अर्धी गाडी आत, अर्धी बाहेर, आणि बाहेरची अर्धी गावाच्या रस्त्यांवर.

"मधून तोडा आणि रस्ता द्या" असं लोक म्हणतात. तोडता येते, पण काम बघा. मागच्या भागाचे हातब्रेक आवळायचे, हवेचे कॉक बंद करायचे, कपलिंग सोडायचं, पुढचा भाग ओढून न्यायचा. परत जोडताना पाइप जोडायचा, हवा भरायची, ती शेवटच्या डब्यापर्यंत पोहोचली हे तपासायचं, हातब्रेक सोडायचे. गाडीवर माणसं दोन आणि दोघंही इंजिनात. मागचा ब्रेकव्हॅन इथे १९८० च्या दशकात जायला लागला, आता शेपटाला नुसती पेटी असते, ती हवेचा दाब रेडिओवर कळवते. म्हणजे कंडक्टरने (चालकाच्या जोडीदाराने) खडीवरून दीड-दोन मैल चालत जायचं, रात्री, बर्फात. त्यात तास जातो. म्हणून नियंत्रक म्हणतो, राहू दे.

@स्पष्टवक्ता यांना एक सांगतो. मुलांच्या बेजबाबदारपणाबद्दल बोलायचा अधिकार आम्हाला आहे, कारण खाली गेलेली माणसं आम्ही बाहेर काढलीत. उभी मालगाडी हलते तेव्हा मधल्या डब्याजवळच्या माणसाला काहीच कळत नाही. इंजिनाने ओढ घेतली की कपलिंगमधली ढील एकेक करून भरत मागे येते. इंजिन मुंगीच्या पावलाने निघालं तरी मागचा डबा एकदम हिसका खाऊन निघतो. शिट्टी दोन मैल पुढे वाजलेली असते, ती इथे ऐकूच येत नाही. दहा वर्षांच्या पोराला हे कोण सांगणार? आणि सांगितलं तरी शाळेची घंटा वाजतेच.

---

अशिलाची_आई

धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नाकडे येते. मी इलिनॉयमध्ये कायद्याच्या कार्यालयात काम करते. रेल्वे माझं क्षेत्र नाही, पण हे निकाल वाचलेले आहेत.

राज्यांनी कायदे केले नाहीत असं अजिबात नाही. इंडियानात रस्ता अडवण्यावर बंधन १८६५ पासून होतं, अलीकडची मर्यादा दहा मिनिटांची. ओहायोत पाच मिनिटं. ओक्लाहोमाने २०१९ मध्ये नव्याने दहा मिनिटांचा कायदा केला. इलिनॉयमध्ये मंडलाइन गावाचा स्वतःचा नियम होता. सगळे कोर्टात पडले. मंडलाइनचा २००८ मध्ये, इंडियानाचा २०१८ मध्ये, ओक्लाहोमाचा २०२२ च्या सुरुवातीला केंद्रीय अपील न्यायालयात आणि ओहायोचा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये.

ओहायोचं प्रकरण बघण्यासारखं आहे. मेरीसव्हिलजवळ होंडाचा कारखाना आहे, तिथे ये-जा करणाऱ्या सीएसएक्स या रेल्वे कंपनीच्या गाड्यांनी २०१८ मध्ये रस्ता अडवला म्हणून पाच खटले भरले. कंपनीने असं म्हटलंच नाही की आम्ही अडवला नाही. तिने म्हटलं की आम्हाला विचारायचा तुम्हाला हक्क नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं.

तर्क असा. पाच मिनिटांची मर्यादा पाळायची तर कंपनीला गाडी लहान करावी लागेल, वेग बदलावा लागेल किंवा गाडी तोडावी लागेल. म्हणजे गाडी कशी चालवायची हेच राज्य ठरवू लागलं. १९७० च्या रेल्वे सुरक्षा कायद्याने आणि १९९५ च्या कायद्याने हा अधिकार केंद्राकडे गेला. १९९५ च्या कायद्याने रेल्वे वाहतुकीवरचं नियंत्रण सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्डाकडे दिलं, राज्यांना वगळून.

इथवर ठीक आहे. प्रत्येक गावाने आपापलं घड्याळ लावलं तर देशभर गाडी चालणार कशी, हा युक्तिवाद मला पटतो. पण मग केंद्राने किती मिनिटं ठरवली? एकही नाही. उभ्या गाडीने रस्ता किती वेळ अडवावा याला केंद्रीय मर्यादाच नाही. राज्याला अधिकार नाही कारण तो केंद्राचा, आणि केंद्राने तो वापरलेला नाही. ओहायो राज्य देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, बाकीची बरीच राज्यं पाठीशी उभी राहिली, तरी जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

तेव्हा पोलिसांनी खांदे उडवले यात त्यांचा आळस नाही. तिकीट फाडलं तर ते कोर्टात टिकणार नाही हे त्यांना पाठ झालंय.

---

वरोऱ्याचा_पाव्हणा

राजेहो, आमच्या इकडचं पण ऐका. माजरी-वणी पट्टा, सगळा कोळसा. लहानपणी गावातून शाळेत जायचं तर मधात रूळ. कोळशाचा रेक उभा राह्यला की सगळे खालून. मास्तरपण खालूनच यायचे धोतर सावरत, आम्हाला काय बोलणार! घरी समजलं की मार पडायचा, पण मार देणारा बाप संध्याकाळी स्वतः तसाच घरी यायचा.

आपल्याकडं फाटक बंद असताना उघडलं तर रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६० खाली तीन वर्षांपर्यंत कैद, तोडलं तर पाच वर्षांपर्यंत. रूळ ओलांडला तर कलम १४७. म्हणजे लोकांसाठी कलमं तयार आहेत. उभ्या गाडीसाठी कोणतं कलम, ते गार्डसाहेबांनीच सांगावं.

आता ठिकठिकाणी फाटक बंद करून भुयारी मार्ग केलेत. बिनमाणसाची फाटकं ब्रॉडगेजवरून जानेवारी २०१९ मध्ये संपवली, ते मोठंच काम झालं, मानतो. पण भुयारी मार्गात पावसाळाभर कमरेइतकं पाणी. फाटक असताना गाडी गेली की रस्ता मोकळा व्हायचा. आता आभाळ मोकळं होईपर्यंत थांबा.

---

भुसावळ_गार्ड

@वरोऱ्याचा पाव्हणा, कलम विचारून कोंडीत पकडलंत! कलम नाही, पण फाटकावर माणूस आहे, हा मोठा फरक. गाडी फाटकावर अडकली की गेटमन स्टेशन मास्तरला फोन करतो, मास्तर कंट्रोलला, आणि रुग्णवाहिका थांबली असेल तर कंट्रोलवर आरडाओरडा होतो. काम होतंच असं नाही, पण शिव्या द्यायला तरी समोर कुणी असतं.

आणि लांब गाड्यांचं वारं आपल्याकडेही आलंय. १५ ऑगस्ट २०२२ ला दक्षिण पूर्व मध्य रेल्वेने सुपर वासुकी चालवली, पाच रेक एकत्र जोडून २९५ वाघिणी, साडेतीन किलोमीटर, सुमारे २७ हजार टन कोळसा, कोरब्याहून राजनांदगावपर्यंत, म्हणजे नागपूर विभागात. ऑगस्ट २०२५ मध्ये रुद्रास्त्र साडेचार किलोमीटरची. पेपरात कौतुक छापून आलं, आम्हालाही अभिमान वाटला. पण अशी गाडी मध्येच बसली तर किती फाटकं अडतील याचा हिशेब बातमीत नसतो. समर्पित मालवाहू मार्गावर दीड किलोमीटरच्या गाड्या धरूनच आखणी केली आहे. गाडी लांब करायची तर रूळ त्या मापाचे करा, एवढंच म्हणणं.

---

मीनल_ह्यूस्टन

ह्यूस्टनच्या ईस्ट एंड भागात माझी मैत्रीण शाळेत शिकवते. तिच्या शाळेत उशिरा आलेल्या मुलांच्या वहीत कारणाच्या रकान्यात "ट्रेन" लिहिलं की पुढे कुणी काही विचारत नाही. मुलांना ते कळलंय, त्यामुळे झोपून राहिलेला मुलगाही "ट्रेन" लिहितो!

हसण्यासारखं इतकंच. डिसेंबर २०२४ मध्ये याच भागातल्या मिल्बी हायस्कूलला चालत निघालेला एक विद्यार्थी रेल्वेखाली गेला. त्यानंतर पालक रस्त्यावर आले, पादचारी पुलाची मागणी झाली. फाटकांची तक्रार मात्र त्या भागात कित्येक वर्षांची आहे.

इथे एक गोष्ट बोलायला हवी, जी वर कुणी बोललं नाही. ह्यूस्टनच्या पश्चिमेला, जिथे आपली मंडळी घरं घेतात, तिथे महामार्ग रुळांवरून उचलून नेलेत. ईस्ट एंड आणि फिफ्थ वॉर्डात लॅटिनो आणि कृष्णवर्णीय कामगार वस्ती, तिथे रस्ते रुळांच्या पातळीवर. पूल कुठे होतो आणि कुठे होत नाही याचा नकाशा काढा, तो रुळांपेक्षा उत्पन्नाचा नकाशा दिसेल. @स्पष्टवक्ता, "स्वस्त म्हणून घेतलं" हे बरोबर आहे. महाग घेण्याची ऐपत असती तर घेतलं नसतं.

२०२३ मध्ये ईस्ट एंडला भुयारी रस्त्यांसाठी ३ कोटी ६९ लाख डॉलर मंजूर झाले. चार ठिकाणी रस्ते रुळांखालून जाणार आहेत. वाट बघतोय.

---

स्पष्टवक्ता

@मीनल, उत्पन्नाच्या नकाशाचं मान्य. पण मग कंपनीने करायचं काय? गाड्या लहान केल्या तर गाड्यांची संख्या वाढेल, फाटक जास्त वेळा पडेल. आणि माल ट्रकवर गेला तर महामार्गावर त्याहून जास्त लोक मरतील. रेल्वेने माल नेणं इंधनाच्या दृष्टीनेही किती तरी चांगलं. हेही लिहा.

---

लेककाउंटीकर

लिहितो की. ट्रकपेक्षा रेल्वे बरी यात वादच नाही, मी रेल्वेवाला माणूस आहे. गाड्यांची संख्या वाढेल हेही मान्य. पण चार वेळा पाच-पाच मिनिटं थांबणं आणि एकदाच दोन तास थांबणं यातलं काय चालेल, हे फाटकावरच्या कुणालाही विचारून बघा.

गाडी लांब करण्यामागे चालकांचा पगार वाचतो, हे उघड गणित आहे. कमी गाड्या, कमी जोड्या, कमी यार्ड. याला इथे प्रिसिजन शेड्युल्ड रेलरोडिंग असं नाव आहे. हंटर हॅरिसन या रेल्वे अधिकाऱ्याने ते रुजवलं आणि शेअरबाजाराला आवडलं म्हणून बाकीच्यांनी उचललं. सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्डाच्या तत्कालीन अध्यक्षांनी २०२२ मध्ये सांगितलं होतं की मोठ्या कंपन्यांनी सहा वर्षांत मिळून ४५ हजार माणसं, म्हणजे २९ टक्के, कमी केली. गार्डकाका म्हणतात तसं, गाडी तोडायला माणूस नाही, बदली जोडी वेळेवर येत नाही, यार्डात गाडी घ्यायला कुणी नाही. नफा गाडीच्या पुढच्या टोकाला जमा होतो आणि वेळ मधल्या डब्यांशी थांबलेल्या लोकांचा जातो.

आता पूल कुणाच्या पैशाने? २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात फाटकं काढून टाकण्यासाठी पाच वर्षांत ३ अब्ज डॉलर ठेवले. पहिल्या फेरीत, जून २०२३ मध्ये, ३२ राज्यांतल्या ६३ कामांना ५७ कोटी मिळाले. केंद्र जास्तीत जास्त ८० टक्के देतं. उरलेले राज्य, गाव किंवा जो कुणी तयार होईल त्याने भरायचे. कंपनी काही ठिकाणी थोडा वाटा उचलते, पण उचललाच पाहिजे असं नाही. थोडक्यात, गाडी लांब त्यांनी केली, पूल आम्ही बांधायचा.

---

पाळीवर_आदित्य

ओहायोतल्या एका छोट्या गावात रुग्णवाहिकेवर स्वयंसेवक आहे. गावाचं नाव लिहीत नाही. रूळ गावाच्या मधोमध, अग्निशमन केंद्र उत्तरेला, वृद्धाश्रम दक्षिणेला. कुणी मुद्दाम इतकं वाईट आखलं नसतं.

कॉल आला की पहिला प्रश्न पत्ता आणि दुसरा "ट्रेन आहे का?" दक्षिणेचा कॉल असेल आणि फाटक अडलेलं असेल तर शेजारच्या गावाला उठवायचं, त्यांची गाडी त्यांच्या बाजूने येते. दरम्यान आमची गाडी वळसा घालते. जो आधी पोहोचेल तो. एकदा आमच्यातला एक जण पिशवी घेऊन जोडावरून चढून पलीकडे गेला आणि दुसऱ्या गावची गाडी येईपर्यंत रुग्णाजवळ बसला. त्याला नंतर समज मिळाली, आणि ती योग्यच होती. पण त्या बाईंच्या मुलाने त्याला मिठी मारली तेही मी पाहिलंय. गार्डकाकांची पोस्ट वाचल्यापासून अंगावर काटा आहे.

गाडी कधी हलेल हे कंपनीच्या नियंत्रकाला बऱ्याच वेळा माहीत असतं. आम्हाला तेवढंच कळलं तरी चालेल. पुढच्या वीस मिनिटांत हलणार नाही एवढं कळलं तर आम्ही वळसा घ्यायला मोकळे. आत्ता होतं काय, "निघेल आता" म्हणून पाच मिनिटं थांबतो आणि तीच पाच मिनिटं महागात पडतात.

---

टोरोंटोची_सई

सीमेपलीकडून एक भर. कॅनडाच्या रेल्वे नियमांत गाडीने वाहनं किंवा पादचारी ताटकळत असताना सार्वजनिक फाटकावर पाच मिनिटांपेक्षा जास्त उभं राहू नये असं आहे. इथेही लोक तक्रारी करतातच, नियम सगळीकडे पाळला जातो असा माझा दावा नाही. पण सीएन आणि सीपीकेसी या दोन्ही कंपन्या दोन्ही देशांत गाड्या चालवतात. देशभर एकच मर्यादा ठेवली तर रेल्वे बंद पडेल या युक्तिवादाचं काय करायचं मग?

---

अशिलाची_आई

@सई, अगदी नेमकं. राज्यांना मनाई याचा अर्थ केंद्राला मनाई असा नाही. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, मनावर घेतलं तर उद्या होईल. सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या समितीने लांब मालगाड्यांवर अहवाल दिला. त्यात ७,५०० फुटांहून लांब गाड्यांचा विचार आहे आणि शिफारस अशी की फेडरल रेलरोड ॲडमिनिस्ट्रेशनला (केंद्राच्या रेल्वे सुरक्षा खात्याला) कंपन्यांकडून अडलेल्या फाटकांची माहिती घेण्याचा आणि दंड करण्याचा अधिकार काँग्रेसने द्यावा. शिफारस कागदावर आहे.

@आदित्य, तुम्ही मागताय ती तर दंडाहून सोपी गोष्ट आहे. नियंत्रकाने आपत्कालीन कक्षाला कळवणं यात गाडी कशी चालवायची हा प्रश्नच येत नाही. गावाच्या वकिलांनी कंपनीशी लेखी करार करून तेवढं पदरात पाडून घ्यावं. कोर्टाची पायरीही चढावी लागणार नाही.

---

नवीन_घर

धागा वाचून घाबरले. आम्ही नेमकं हॅमंडच्या दक्षिणेला घर बघतोय, पुढच्या आठवड्यात सही आहे. एजंटला विचारलं तर म्हणाला, "ट्रेन क्वचितच येते." बाळ सहा महिन्यांचं आहे. काय बघू?

---

लेककाउंटीकर

@नवीन_घर, घाबरू नका, नकाशा उघडा. घरापासून इस्पितळ, अग्निशमन केंद्र आणि पुढे लागणारी शाळा, तिन्ही रुळांच्या कुठल्या बाजूला आहेत ते बघा. मध्ये रूळ येत असतील तर पूल किंवा भुयारी रस्ता किती दूर आहे ते मोजा. जवळपास यार्ड, लूप किंवा दोन मार्गांची काट असेल तर तिथे गाडी थांबणारच. गाड्या किती येतात हा प्रश्न एजंटला विचारून उपयोग नाही, आणि तो महत्त्वाचाही नाही. त्या थांबतात का, हे समोरच्या घरातल्या आजींना विचारा.

प्रत्येक फाटकावर निळी पाटी असते. तिच्यावर सहा आकडे आणि एक अक्षर असा त्या फाटकाचा क्रमांक, आणि कंपनीचा आपत्कालीन फोन. फेडरल रेलरोड ॲडमिनिस्ट्रेशनच्या संकेतस्थळावर तो क्रमांक घातला की फाटकाची माहिती मिळते. तिथेच डिसेंबर २०१९ पासून अडलेल्या फाटकांसाठी तक्रारीचा अर्ज आहे. किती वेळ अडलं, रुग्णवाहिका अडकली का, लोक डब्यांवरून चढत होते का, असं त्यात विचारतात. २०२२ मध्ये देशभरातून ३० हजारांवर तक्रारी आल्या. दंड होत नाही, पण गाव पुलासाठी अर्ज करतं तेव्हा हे आकडे कामी येतात, म्हणून भरत जा.

---

नवीन_घर

धन्यवाद दादा. बघितलं. अग्निशमन केंद्र आमच्याच बाजूला, इस्पितळ पलीकडे, पूल दीड मैलावर. शाळा पलीकडे. नवरा म्हणतो शाळेला अजून पाच वर्षं आहेत. ती निळी पाटी गाडीतून वाचता येते का?

---

भुसावळ_गार्ड

गाडी उभी असताना तुम्ही रांगेत दहाव्या असाल, पाटी दिसणारसुद्धा नाही. रविवारी फाटक मोकळं असताना चालत जा आणि फोटो काढून ठेवा. फोन लावलात तर आधी फाटकाचा क्रमांक सांगा, रस्त्याचं नाव मागाहून. नियंत्रक शंभर मैलांवर बसलेला असतो, त्याच्या पडद्यावर रस्त्यांची नावं नसतात. आणि दुपारी दोन-तीनच्या सुमारास, शाळा सुटायच्या वेळी, एकदा तिथे उभ्या राहून बघा.